प्रत करता करता चित्रकला

मुलाने चित्र काढले की 'हे कुठून पाहून काढलेस?' असे आपण सहज विचारतो आणि ते बिचारे ओशाळते. वास्तविक थोर चित्राची समजून केलेली प्रत ही चित्रकला शिकण्याची जुनी व सरळ वाट आहे. तिचा मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रात, अजिंठ्याला आहे.

दरेकशाजवळची कचारगडची गुहा निसर्गाने घडविली; अजिंठ्याची लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरली आणि रंगविली. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून तेथील भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तेथे काम करू लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकीच एक. त्यांच्याही अनेक प्रती १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांनी पुन्हा प्रती केल्या. याच नंदलालांनी पुढे शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांसह भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची पाने सजविली. त्यांत बुद्धजीवनातील प्रसंगही आहे. कापड जळते, प्रत करताना हाताने व डोळ्याने जे कमावले ते जळत नाही.

अजिंठ्याच्या कलावंतांनी माती-भुशाच्या गिलाव्यावर पांढरा हात देऊन, तो कोरडा झाल्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी असे रंग डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावले. गॉश म्हणजे अपारदर्शक जलरंग. तोही याच जातीचा. शाळेतील पोस्टर कलर त्याचाच जवळचा भाऊ. म्हणून ही प्रत आपल्याला घरीही करता येते.

प्रथम पूर्ण चित्र घेऊ नये. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचा केवळ कमळ धरलेला हात घ्यावा. छापील चित्रावर व कागदावर सारखे चौकोन आखून रेखाटन करावे. नंतर मधली छटा सपाट भरावी, मग गडद व शेवटी उजळ. रंग सायीइतका दाट हवा. वाळल्यावर छटा बदलते, म्हणून आधी वेगळ्या कागदावर लावून पाहावी. खालचा रंग पाण्याने पुन्हा सुटतो. तेव्हा वरचा हात एकदाच, न घासता द्यावा. बाह्यरेषा अखेरीस बारीक कुंचल्याने पुन्हा ओढावी. अजिंठ्यातही तसेच केलेले दिसते. ती रेषा बोटाच्या वळणावर कुठे जाड, कुठे बारीक होते, हे पाहणे हाच खरा धडा होय. दुसऱ्या दिवशी मूळ चित्र झाकून तोच हात आठवणीने काढावा. जिथे अडाल, तिथे पाहिलेच नव्हते असे समजावे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. अजिंठ्यात प्रती करणाऱ्यांनी चित्रे उजळ दिसावीत म्हणून मूळ भिंतीवर व्हार्निश लावले. ते पुढे पिवळट, काळपट पडले आणि चित्रांची हानी झाली. मूळ कलाकृतीला हात लावू नये, हे पहिले पथ्य. दुसरे, आपल्या कागदाखाली 'अजिंठा, लेणे क्र. १ वरून' असे स्पष्ट लिहावे. एवढे लिहिले की 'कुठून पाहून काढलेस?' या प्रश्नाला आपला विद्यार्थी मान वर करून उत्तर देईल.