वॅटचं गौडबंगाल

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे माझं मराठी जरा सांभाळून घ्या. पण विषय आपल्या सगळ्यांच्या खिशाचा आहे. यंदा हॉस्टेलच्या कॉमन रूमसाठी एव्ही रिसीव्हर घ्यायचं ठरलं, वर्गणी जमली आणि 'तू इलेक्ट्रॉनिक्सचा ना?' म्हणून निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

रिसीव्हर म्हणजे टीव्ही आणि स्पीकर यांच्यामधला कारभारी. आलेला आवाज तो उलगडतो, वाढवतो आणि ज्या त्या स्पीकरला वाटून देतो. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर.

दुकानात दोन मॉडेल्स होती. एकावर मोठ्या अक्षरात १५० वॅट, दुसऱ्यावर ८०. पहिलं चार हजारांनी महाग. सगळे म्हणाले, १५०च घेऊ! मीही पैसे काढणार होतो, तेवढ्यात खालची बारीक अक्षरं दिसली.

१५० वॅट कसे? ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १०% डिस्टॉर्शन आणि एकच चॅनल चालू. ८० वॅट कसे? ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८% डिस्टॉर्शन आणि दोन चॅनल चालू. म्हणजे दोन पेपर वेगळे, आणि आपण मार्कांची तुलना करतोय!

ओहम कमी केले की त्याच व्होल्टेजवर वॅट वाढतात. १०% डिस्टॉर्शन म्हणजे आवाज चक्क फाटलेला. आणि एका चॅनलचं म्हणाल तर आपली मेस आठवा. पहिल्या ताटाला वाटीभर पनीर, पंगत भरली की नुसता रस्सा! सगळे चॅनल एकाच पॉवर सप्लायवर जगतात, त्यामुळे पाचही एकदम चालले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं.

बरं, १५० खरे धरले तरी फायदा किती? १० लॉग (१५०/८०), म्हणजे जेमतेम २.७ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. उलट ८७ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला, तर ३ डेसिबल तिथेच मिळतात, म्हणजे पॉवर दुप्पट केल्यासारखंच.

म्हणून आम्ही ८०वालं घेतलं आणि वाचलेले चार हजार स्पीकरमध्ये घातले. त्यात ईआर्क आहे हेही पाहिलं. टीव्हीमध्येही ईआर्क असेल तर टीव्हीचा आवाज एकाच एचडीएमआय केबलने न दाबता रिसीव्हरपर्यंत येतो. साध्या आर्कमध्ये सराउंड आवाज दाबूनच पाठवावा लागतो.

तेव्हा दोस्तांनो, घरी घ्याल तेव्हा दुकानदाराला एवढंच विचारा : किती ओहमला, किती डिस्टॉर्शनला, किती चॅनल चालू असताना? तो गप्प बसला तर खोक्यावरची बारीक अक्षरं स्वतः वाचा. ती वाचायला पैसे पडत नाहीत, न वाचायला पडतात!