दहा मिनिटांत बरं वाटलं, म्हणून?

जेवताना हातातला घास अचानक गळतो, तोंड वाकडं होतं, शब्द बोबडे येतात आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. घरचं निदान ठरलेलं: पित्त झालं असेल, नाहीतर वारं लागलं असेल. माझ्या मते हे बरं वाटणंच सगळ्यात फसवं. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी थोडा वेळ अडून मोकळी झाली, एवढाच बहुधा त्याचा अर्थ. खऱ्या पक्षाघाताचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. मोठी वाहिनी अडलेलीच राहिली, तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारणपणे ४.५ तासांच्या आतच देतात.

मग मुंग्या आल्या की दर वेळी इस्पितळ गाठायचं? नाही. मांडी घालून बसल्यावर आलेल्या मुंग्या पाय सरळ केला की उतरतात. एकाएकी एकाच बाजूची ताकद जाणं वेगळं. तेव्हा १०८ला फोन करायचा. घरीच ॲस्पिरिन देण्याची घाई नको, कारण झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. त्रास सुरू झाल्याची वेळ मात्र लिहून ठेवावी. डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतात.