कोळसा सोडण्यासाठी मिळालेला पैसा : मदत किती आणि कर्ज किती?

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका व युरोपीय संघ ह्यांनी दक्षिण आफ्रिकेसाठी साडेआठ अब्ज डॉलरची घोषणा केली. कोळशावरील वीज टप्प्याटप्प्याने कमी करून त्या देशाने सूर्य व वारा ह्यांकडे वळावे, हा हेतू. २०२२ मध्ये इंडोनेशियासाठी वीस अब्ज आणि व्हिएतनामसाठी साडेपंधरा अब्ज डॉलरचे असेच करार झाले. त्यांना 'न्याय्य ऊर्जा संक्रमण भागीदारी' म्हणतात. कोळशावर पोट असलेल्या माणसांना वाऱ्यावर सोडले जाणार नाही, हे वचन त्यातील 'न्याय्य' ह्या शब्दात आहे. ते कितपत पाळले जाते, हे पाहण्यासाठी आम्ही पहिल्या कराराकडेच वळतो.

वर्षभराने दक्षिण आफ्रिकेने गुंतवणूक आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा त्या साडेआठ अब्जांची फोड लोकांसमोर आली. सुमारे ५.३ अब्ज सवलतीच्या व्याजाचे कर्ज, दीड अब्ज व्यापारी कर्ज, १.३ अब्ज हमी. आणि परत न करावयाचे अनुदान केवळ ३३ कोटी डॉलर, म्हणजे शंभरातले जेमतेम चार! शिवाय त्याच आराखड्यानुसार पाच वर्षांची एकूण गरज सुमारे ९८ अब्ज डॉलर होती.

कर्ज घेणे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. सौरप्रकल्प वीज विकतो आणि आपले हप्ते आपणच फेडतो. परंतु खाणीतून बाहेर पडलेल्या पन्नाशीच्या कामगाराला नवे काम शिकवण्यातून कोणते उत्पन्न मिळणार? असा खर्च अनुदानातूनच व्हावयास हवा आणि नेमके अनुदानच तुटपुंजे आहे. त्यातच कर्ज डॉलर वा युरोमध्ये असल्यास रँड घसरला की परतफेड महागते. तेथील सरकारी वीज कंपनी एस्कॉम आधीच कर्जात इतकी बुडालेली होती की, २०२३ मध्ये सरकारला तिचा २५४ अब्ज रँडचा भार उचलण्याची तयारी दाखवावी लागली.

म्पुमलांगा प्रांतातील कोमाटी हे औष्णिक वीज केंद्र १९६१ पासूनचे. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस त्याचा शेवटचा संच बंद झाला. तेथे सौर व पवन प्रकल्प आणि विजेचा साठा करणाऱ्या बॅटऱ्या उभारण्यासाठी जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले. त्यातही अनुदान एक कोटीच. केंद्र आधी बंद झाले, पर्यायी रोजगार मात्र मागे राहिला. एस्कॉमच्या कायम नोकरांची अन्यत्र बदली होऊ शकली. कंत्राटी कामगार, खाणावळवाले, खोल्या भाड्याने देणारे ह्यांना ती सोय नव्हती. चंद्रपूर वा कोराडी पाहिलेल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. वीज केंद्राभोवती अख्खे गाव जगत असते.

ह्याच काळात दक्षिण आफ्रिका भीषण भारनियमनाने त्रस्त होती. २०२३ हे त्या बाबतीत सर्वांत वाईट वर्ष ठरले. दिवसातले कित्येक तास घरात अंधार असताना चालू केंद्र बंद करा, असे लोकांना सांगणे कोणत्याही सरकारला कठीणच. पुढे आणखी काही जुनी केंद्रे बंद करण्याचा मुहूर्त २०३० पर्यंत लांबवण्यात आला.

२०२३ मध्ये नेदरलँड्स व डेन्मार्क ह्या भागीदारीत सामील झाले. मार्च २०२५ मध्ये मात्र अमेरिकेने दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया व व्हिएतनाम ह्या तिन्ही करारांतून अंग काढून घेतले. दक्षिण आफ्रिकेच्या वाट्याचे सुमारे एक अब्ज डॉलर त्यामुळे गेले. त्यातील बहुतांश रक्कम व्यापारी गुंतवणुकीची होती, हेही नमूद केले पाहिजे. बाकीचे भागीदार टिकून आहेत.

भारताने असा करार केलेला नाही. उद्या तशी बोलणी झालीच, तर एकूण रकमेच्या आकड्यापेक्षा त्यातील अनुदानाचा आकडा आम्ही आधी विचारू आणि कंत्राटी कामगारांची नावे कोणत्या यादीत आहेत, हेही.