लहान मुलं, घरातला कॅमेरा आणि तब्येत: आईबाबांनी काय लक्षात ठेवावं

लहान मुलं असलेल्या आयांची दवाखान्यातली एक तक्रार ठरलेली असते. "डॉक्टर, अंगात ताकदच राहत नाही. काहीतरी टॉनिक द्या." हिमोग्लोबिन तपासतो, गरज वाटली तर थायरॉइड. बऱ्याच जणींचं रक्त कमी निघतं आणि गोळ्यांनी फरक पडतो. पण रिपोर्ट चांगले असूनही थकवा जात नाही, अशाही पुष्कळ असतात. त्यांना मी विचारतो की दिवसभरात स्वतःसाठी किती वेळ मिळतो? उत्तरादाखल बहुतेक वेळा हसू येतं.

यातल्याच काही जणी, आणि काही बाबाही, हल्ली फोटोग्राफी शिकायला लागले आहेत. कुणाकडे भावाचा जुना कॅमेरा असतो, बहुतेकांकडे मोबाइलच. मग प्रश्न येतो की लेकरं लहान असताना हे नाद बरे का? माझं उत्तर "बरे" असंच आहे. एका जागी थांबून बघणं, उजेड कुठून येतो ते पाहणं, त्या पाच मिनिटांत डोक्यातली कामांची यादी बाजूला पडणं, याने मनावरचा ताण हलका होतो. होमाई व्यारावाला या भारताच्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार. त्यांनी संसार आणि मुलगा सांभाळून १९७० पर्यंत कॅमेरा चालवला. आपल्याला तेवढंही करायचं नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे. मात्र त्या अर्ध्या तासात मूल दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात असलं पाहिजे. आजीआजोबा घरात असतील तर त्यांना स्पष्ट सांगून वेळ मागा. "मधून मधून जमेल तसं" ठरवलं की ते कधीच जमत नाही.

एक गोष्ट मात्र छंदावर सोडू नका. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहत असेल, विनाकारण रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी दवाखान्यात या. अशा वेळी "मन रमव कशात तरी" हा घरच्यांचा सल्ला कामाचा नाही.

फोटोत डोळा पांढरा दिसतोय?

हा लेख लिहिण्याचं मुख्य कारण हे आहे. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत कधीकधी बाहुली लाल दिसते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाहुलीतून आत गेलेला उजेड डोळ्यामागच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावर पडून परत येतो, म्हणून लाल रंग दिसतो. पण एक डोळा लाल आणि दुसऱ्याची बाहुली पांढरी किंवा पिवळसर चमकत असेल, तर तो फोटो पुसू नका. आत काहीतरी आड येतंय, असा त्याचा अर्थ असू शकतो.

कारणं वेगवेगळी असतात. जन्मजात मोतीबिंदू, तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरमधला मोठा फरक. कधी कॅमेरा विशिष्ट कोनात असला तर निरोगी डोळाही एखाद्या फोटोत पांढरा येतो. पण याच खुणेमागे रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असू शकतो. तो दुर्मीळ आहे, साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका मुलाला होतो, आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतच सापडतो. सुरुवातीला दुखत नाही. मूल खेळतं, जेवतं, हसतं. त्यामुळे "डोळा मांजरासारखा चमकतो" हे घरात सगळ्यांना दिसत असूनही महिने निघून जातात. वेळेत आलेल्या बहुतेक मुलांचा जीव वाचतो, आणि अनेकांचा डोळाही. उशीर झाला तर डोळा काढावा लागतो, आणि आजार मेंदूकडे पसरला तर पुढचं कठीण होतं.

म्हणून शंका आली की मुलाचे मागचे फोटो काढून बघा. त्याच डोळ्यात पुन्हा तसंच दिसतंय का? दिसत असेल, किंवा डोळा तिरळा वाटत असेल, तर काही दिवसांतच नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि फोटो सोबत न्या. औषध टाकून, बाहुली मोठी करून तपासणी व्हायला हवी. नुसती बॅटरी मारून "काही नाही" असं कुणी सांगितलं तर समाधान मानू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांनाही फोटो दाखवा, ते पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात. मात्र त्यांची फेरी यायची वाट बघत बसू नका. आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी हा आजार झाला असेल, तर फोटोची वाट न पाहता बाळ जन्मल्यापासूनच तपासण्या लागतात. मोबाइलमधली लाल डोळा घालवणारी सोय बंद ठेवलेली बरी, तिच्यामुळे ही खूण झाकली जाऊ शकते.

आणि फ्लॅशने बाळाची दृष्टी जाते का? साध्या कॅमेऱ्याच्या किंवा मोबाइलच्या फ्लॅशने असं होत असल्याचा पुरावा नाही. तरी तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ नेऊन मारू नका, ते दचकतं. तसंही खिडकीजवळच्या उजेडात फोटो चांगला येतो.

अंगठा, कंबर आणि बटण सेल

बाळाला काखेत धरून वारंवार उचलणाऱ्या आयांना मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखतं. अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीकडे वाकवलं की कळ येते. त्यात जड कॅमेरा किंवा एका हातात मोबाइल धरून अंगठ्याने बटण दाबणं आलं की दुखणं वाढतं. दोन्ही हातांनी धरा, कोपरं अंगाला टेकवा, आणि बाळाला उचलताना अंगठे ताणण्याऐवजी तळहात त्याच्या खाली घाला. दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही तर दाखवा. अंगठ्याला आधार देणारा पट्टा लावून बऱ्याच जणींना आराम पडतो. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो चांगला येतो, पण त्यासाठी कमरेत वाकू नका, सरळ जमिनीवर बसा.

कॅमेऱ्याच्या रिमोटमध्ये, छोट्या दिव्यांत चपटे बटण सेल असतात. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजतं. गिळल्याची नुसती शंका असली तरी उलटी करवू नका, केळं किंवा भात खाऊ घालून "खाली ढकलू" नका. एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात लगेच निघा. कॅमेऱ्याचा पट्टा पलंगावरून लोंबकळत ठेवू नका, रांगत्या मुलाच्या गळ्यात अडकतो. पिशवीतली सिलिका जेलची पुडी विषारी नसते, पण घशात अडकू शकते.

बाहेर फोटो काढायला जाताना

आपल्या जिल्ह्यात विषयांची कमी नाही. सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा वाडा आहे, ज्ञानगंगा अभयारण्य आहे, आणि लोणार तर आहेच. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या जगाने आपले फोटो पाहिले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. हे पाणी अल्कधर्मी आहे, मुलांना त्यात हात घालू देऊ नका, तोंडात तर अजिबात जाऊ देऊ नका. विवर काठापासून शंभर मीटरहून जास्त खोल आहे. सिझेरियन होऊन थोडेच महिने झाले असतील तर मूल कडेवर घेऊन उतरू नका. उतरणं सोपं वाटतं, चढताना दम लागतो. काठावरूनही फोटो छान येतात. मार्च ते जून सकाळी नऊच्या आत आटपा. उगवता-मावळता सूर्य टिपताना आरशाच्या कॅमेऱ्याच्या छिद्रातून थेट सूर्याकडे पाहू नका, पडद्याला कायमची इजा होऊ शकते. मुलांनाही तसं बघू देऊ नका.

ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशी-सोयाबीनवर फवारणी चालू असते. हिरव्या शेतात मुलाचा फोटो सुंदर येतो, पण आधी शेतमालकाला विचारा की फवारा कधी मारला. फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नका, आणि जवळ कुठे फवारणी चालू असेल तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभे राहू नका. चुकून तसं झालंच तर मुलाचे कपडे बदलून साबणाने आंघोळ घाला. उलट्या, खूप लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या किंवा सुस्ती दिसली तर औषधाच्या डब्याचा फोटो काढून घ्या आणि तो घेऊनच दवाखाना गाठा. कोणतं औषध होतं ते कळलं की उपचार लवकर सुरू होतात.