आमदार निलंबित झाला, तर शिक्षा नेमकी कोणाला?



आठवीच्या नागरिकशास्त्रात संसदीय शासनपद्धती शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. सभागृहातल्या गोंधळाची बातमी मुलांनी टीव्हीवर पाहिलेली असते. मग कोणीतरी विचारतं, "सर, आमदाराला निलंबित केलं म्हणजे त्याचा पगारही बंद होतो का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात लोकशाहीतली एक मोठी अडचण दडलेली आहे.

आधी आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. सरकारी कर्मचारी किंवा अनुदानित शाळेतला शिक्षक निलंबित झाला, की त्याला पूर्ण पगार मिळत नाही. निर्वाह भत्ता मिळतो, तो सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराइतका असतो. त्याच्या वर्गावर दुसरा शिक्षक जातो, मुलांचा अभ्यास थांबत नाही. म्हणजे झळ कर्मचाऱ्याला बसते, काम चालू राहतं.

आमदार-खासदारांचं मात्र नेमकं उलटं होतं. कसं, ते पाहू.

महाराष्ट्रातलं प्रकरण

५ जुलै २०२१. विधानसभेच्या दोन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. ओबीसींच्या माहितीविषयीच्या ठरावावरून गोंधळ झाला. त्यावेळी भास्कर जाधव तालिका अध्यक्ष म्हणून कामकाज पाहत होते. त्यांच्याशी गैरवर्तन केल्याचा ठपका ठेवून भाजपच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित करण्याचा ठराव मंजूर झाला. आमदारांनी आरोप नाकारले आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

विधानसभेच्या नियम ५३ मध्ये शिक्षेच्या पायऱ्या दिलेल्या आहेत. सदस्य फारच बेशिस्त वागला तर त्या दिवसापुरतं बाहेर काढायचं. त्याच अधिवेशनात पुन्हा तसंच वागला तर अधिवेशन संपेपर्यंत. इथे अधिवेशन दोन दिवसांचं आणि शिक्षा वर्षभराची! २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की त्या अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य आणि बेकायदेशीर आहे. सभागृहाच्या अंतर्गत कामकाजात न्यायालय सहसा पडत नाही. पण कार्यपद्धतीतली चूक वेगळी आणि मुळातच बेकायदा निर्णय वेगळा, हा फरक न्यायालयाने केला.

या निकालामागचा विचार मुलांना जरूर सांगावा. घटनेच्या कलम १९० नुसार एखादा सदस्य परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिक्त जाहीर करू शकतं. जागा रिकामी झाली, तर साधारणपणे सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी लागते. थोडक्यात, कोणताही मतदारसंघ फार काळ आमदाराविना राहू नये, अशी कायद्याची धडपड आहे. हकालपट्टी झाली तर निदान नवा आमदार निवडता येतो. वर्षभर निलंबन झालं, तर जागा रिकामीही नाही आणि आमदार सभागृहातही नाही. म्हणून न्यायालयाने म्हटलं, की असं निलंबन हकालपट्टीपेक्षाही वाईट. त्यात सदस्याबरोबर अख्ख्या मतदारसंघाला शिक्षा होते.

आणखी एक गोष्ट. सरकार आणि विरोधकांच्या संख्येत फार फरक नसेल, तर दहा-बारा विरोधी आमदार बाहेर काढून मतदानाचा निकालच फिरवता येईल. म्हणून हा प्रश्न एका पक्षाचा नाही. आज सत्तेत असलेले उद्या विरोधात बसतात.

मग पगाराचं काय?

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. खासदारांचं उदाहरण घेतलं, तर त्यांचं मासिक वेतन हजेरीवर अवलंबून नसतं. ते निलंबनातही चालू राहतं. बंद होतो तो दैनिक भत्ता. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित झाले. तेव्हा लोकसभा सचिवालयाने निलंबित सदस्यांना स्पष्ट कळवलं होतं, की या काळात दैनिक भत्ता मिळणार नाही, सभागृहात आणि समितीच्या बैठकीत बसता येणार नाही, त्यांनी दिलेल्या सूचनाही स्वीकारल्या जाणार नाहीत.

सध्या खासदारांचं वेतन महिन्याला १ लाख २४ हजार रुपये आणि दैनिक भत्ता २,५०० रुपये आहे. म्हणजे खासदाराच्या खिशाला फारसा फटका नाही. मात्र त्याच्या मतदारसंघातल्या पाण्याचा, रस्त्याचा प्रश्न सभागृहात मांडायचा राहून गेला.

दुसरीकडे काय करतात?

आपली संसदीय पद्धत ज्या ब्रिटिश घडणीची आहे, त्याच घडणीच्या दोन देशांत पगारालाही हात लावतात. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये निलंबित सदस्याचं वेतन तेवढ्या काळापुरतं थांबतं. शिवाय २०१५ च्या कायद्याने मतदारांना अधिकार दिला आहे. समितीच्या अहवालावरून एखाद्याचं निलंबन बैठकीच्या १० दिवसांचं किंवा त्याहून जास्त झालं, की त्याच्या मतदारसंघात सह्यांची मोहीम उघडते. १० टक्के मतदारांनी सह्या केल्या तर पोटनिवडणूक! कोविडचे नियम मोडल्याबद्दल मार्गारेट फेरिअर यांना २०२३ मध्ये ३० दिवस निलंबित केलं. सह्या पुरेशा झाल्या आणि त्यांची जागा गेली. इयान पेज्ली यांना २०१८ मध्ये तेवढीच शिक्षा झाली होती, पण सह्या कमी पडल्या आणि ते टिकले. शेवटचा निर्णय मतदारांचा.

न्यूझीलंडमध्ये १४ नोव्हेंबर २०२४ रोजी एका वादग्रस्त विधेयकाच्या विरोधात माओरी पक्षाच्या सदस्यांनी सभागृहातच हाका हे पारंपरिक नृत्य केलं. जून २०२५ मध्ये पक्षाच्या दोन्ही नेत्यांना २१ दिवस आणि हाना-राविटी माइपी-क्लार्क या तरुण सदस्येला ७ दिवस विनावेतन निलंबित केलं. तिथे याआधीचं मोठ्यात मोठं निलंबन तीन दिवसांचं होतं. पगार कापला हे खरं, पण मतदारांचा आवाजही २१ दिवस बंद झाला. एवढं मात्र झालं, की निलंबनावरचा निर्णय अर्थसंकल्पानंतर घेतला, त्यामुळे त्यांना त्यावर मत देता आलं.

तात्पर्य काय? सभागृहात शिस्त हवीच. पगार कापणं हा एक उपाय आहे, कारण त्याची झळ थेट चूक करणाऱ्याला बसते. पण निलंबन लांबलं, तर पगार कापूनही मतदारांचं नुकसान भरून येत नाही. म्हणून शिक्षा नियमात बसणारी, थोडक्या काळाची आणि चुकीच्या प्रमाणात असावी.

वर्गासाठी उपक्रम: मुलांचे गट करा आणि विचारा, "तुमचा वर्गप्रतिनिधी बैठकीत ओरडला. त्याला वर्षभर बैठकीला येऊ द्यायचं नाही, की दुसरी शिक्षा द्यायची? त्या वर्षात तुमच्या वर्गाचं म्हणणं कोण मांडणार?" पालकांनी हाच प्रश्न जेवताना घरी विचारून पाहावा. मुलं काय उत्तर देतात, ते आम्हालाही जरूर कळवा.