आंतरवासितेचे वर्ष आणि आपले दवाखाने, आपल्या रसशाळा

साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आंतरवासितेत पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास पुढचा बेत विचारावा, तर उत्तर बहुधा पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे येते. २०१७ पासून ही परीक्षा अखिल भारतीय स्तरावर होते. आमच्या पाहण्यात तरी आंतरवासितेचा बराच वेळ तिच्या तयारीत जातो. उरलेला एखाद्या खासगी रुग्णालयाच्या रात्रपाळीत. यामागचा निरुपाय आम्ही जाणतो. परंतु कायचिकित्सा, पंचकर्म, औषधनिर्माण, संशोधन यांपैकी आपले मन कशात रमते, हे पडताळण्याचे हे एकच वर्ष. तेच न पडताळता निसटते.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाचा नववा अध्याय, योग्यासूत्रीय, याच विषयास वाहिला आहे. छेदनाचा अभ्यास कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड यांवर. एषणाचा किडीने पोखरलेल्या लाकडावर व वेळूवर. बंधनाचा पुतळ्याच्या अवयवांवर. शास्त्र कितीही ऐकले तरी हात फिरल्यावाचून शिष्य कर्मास योग्य होत नाही, हा त्यांचा आग्रह. व्यवसायात प्रवेश कसा करावा हे सांगणारा विशिखानुप्रवेशनीय अध्याय त्यानंतरचा, दहावा आहे. हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

नागपुरात शिकणाऱ्यास या दृष्टीने उणे काही नाही. शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व श्री आयुर्वेद महाविद्यालय यांची रुग्णालये आहेत, केंद्रीय परिषदेची संशोधन संस्था आहे, बैद्यनाथसारखा जुना कारखाना आहे, इतवारीत काष्ठौषधींची दुकाने आहेत. गडचिरोली-मेळघाटच्या रानांतला हिरडा, बेहडा, बिब्बा विदर्भास परका नाही. तरीही ओला बिब्बा कधी हाताळलेला नाही, असा पदवीधर भेटतोच. विटेच्या चुऱ्यात त्याचे शोधन त्याने परीक्षेत अचूक लिहिलेले असते. अंगावर उततो तेव्हा काय होते, हे मात्र ठाऊक नसते.

रसशाळेतले चार आठवडे त्यास बरेच काही शिकवतील. अशोकाची साल म्हणून उंच, सरळ वाढणाऱ्या शोभेच्या अशोकाची साल आली, तर ती ओळखून परत कशी करावी. ओले द्रव्य वाळल्यावर किती घटते आणि तो हिशेब किमतीत कसा बसवावा. तेल सिद्ध होताना फेस येतो, तूप सिद्ध होताना फेस शमतो, हे वाक्य पाठ असणे निराळे आणि कढईपाशी उभे राहून कल्काची वात वळून पाहणे, ती जाळावर तडतडते की नाही हे ऐकणे निराळे. आसवारिष्टांचे संधान नागपुरी उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, ज्या वेगाने होते तो पौषात राहत नाही. तेव्हा ग्रंथोक्त दिवस मोजत बसणारा फसतो. आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी २००० साली लागू झालेल्या अनुसूची ‘टी’च्या नोंदवह्या प्रत्यक्ष भरताना पाहिल्या, म्हणजे हा मार्ग आपला की नाही याचा निर्णय विद्यार्थी स्वतःच करू शकतो. नको वाटला, तरी तो लाभच; पुढे चिकित्सालयात बसून औषधाची बाटली हाती घेताना तो आत काय असावे ते विचारेल.

यात आपलाही स्वार्थ आहे, तो लपवण्याचे कारण नाही. औषधनिर्मितीच्या परवान्यासाठी अर्हताप्राप्त तज्ज्ञ लागतोच, आणि नुसती पदवी असलेला माणूस लगेच उपयोगी पडत नाही, ही तक्रार आमच्या कानी नेहमी येते. तक्रार करणाऱ्यांपैकी कितीजणांच्या दारात कधी विद्यार्थी उभा राहू दिला गेला, हे ज्याचे त्याने पाहावे.

मात्र पथ्य पाळावे लागेल. आंतरवासितेच्या नियमित उपस्थितीत खंड पडता कामा नये; सुट्टीचे दिवस, सायंकाळचा वेळ किंवा आंतरवासिता संपून नोंदणी हाती येईपर्यंतचा काळ यास उत्तम. अनोंदणीकृत विद्यार्थ्याच्या हाती स्वतंत्र चिकित्सा सोपवू नये. त्यास पुड्या बांधण्यापुरता किंवा गल्ल्यावर बसण्यापुरता बोलावणे हा तर शुद्ध फुकटचा नोकर ठेवणे होय. नाडी पाहिल्यावर आपण अमुक कल्प का निवडला, हे रुग्ण गेल्यावर दोन वाक्यांत सांगितले तरी पुरे. जाण्यायेण्याचा खर्च आपण द्यावा. बाहेरगावच्या मुलांना तेवढाही भार होतो.

कार्तिकात आवळा बाजारात येऊ लागतो. ज्यांच्याकडे च्यवनप्राश होतो, त्यांनी आवळे उकडण्यापासून पाक उतरेपर्यंतचे दिवस एकदोन विद्यार्थ्यांना समक्ष दाखवावेत आणि त्यासाठी महाविद्यालयांशी आताच बोलून ठेवावे.