नळीला दिलेले पाणी

लोहार कोयत्याला पाणी देतो ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. धार लाल होईपर्यंत तापवायची आणि झटकन पाण्यात बुडवायची. धार कडक होते. पण पाणी जरा जास्त बसले की दगडावर आपटताच तुकडा उडतो. रायफलची नळी घडवणाऱ्यापुढे हाच पेच असतो, फक्त इथे तुकडा उडाला तर तो गोळी झाडणाऱ्याच्याच तोंडावर.

अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीत काडतूस पेटले की आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे साडेतीन हजार पट होतो. तो झेलायला पोलाद चिवट हवे. पण गोळीचे घर्षण, तप्त वायू आणि गंज यांना तोंड द्यायला आतला पृष्ठभाग कठीणच हवा. अंग चिवट आणि कातडी कठीण, असा हा दुहेरी हट्ट आहे.

एक उपाय म्हणजे आतून क्रोमियमचा मुलामा. सोव्हिएत संघाच्या काडतुसांतील पेटवणीचा मसाला जळल्यावर ओलावा ओढणारे क्षार मागे ठेवी; म्हणून एके-४७च्या नळीला आतून क्रोम दिलेले असे. व्हिएतनाममध्ये सुरुवातीच्या एम-१६ला ते नव्हते. काडतूस बसते तो भाग दमट हवेत गंजे, त्यात बदललेल्या दारूची काजळी साचे आणि रिकामी पुंगळी आत घट्ट अडके. रायफल फारशी साफ करावी लागत नाही, असा समज असल्याने सफाईचे साहित्यही पुरेसे दिलेले नव्हते. मग शत्रू समोर असताना तोंडातून गज घालून पुंगळी ढकलायची! मृत साथीदारांजवळ त्यांच्या खोललेल्या रायफली सापडल्या, असे एका सैनिकाचे पत्र १९६७ मध्ये अमेरिकेत छापून आले. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. काडतूस बसण्याच्या भागाला क्रोम देणे सुरू झाले. पुढे पूर्ण नळीलाही. काही मायक्रॉन जाडीच्या थरावाचून माणसे गेली, हे मला तरी विसरवत नाही.

क्रोमचा दोष असा की तो वरून चढवलेला थर आहे. कुठे जाड, कुठे पातळ बसला की नेम बिघडतो. त्यात केसासारख्या भेगाही असतात आणि त्यांतून वायू शिरले की पापुद्रे सुटतात.

दुसरा उपाय नायट्रायडिंगचा. जर्मनीत क्रुप कारखान्यात आडोल्फ फ्राय यांनी १९२०च्या दशकात तो विकसित केला. अमोनिया वायूत पोलाद ५०० ते ५५० अंश सेल्सिअसला कित्येक तास ठेवतात. अमोनिया फुटतो, नायट्रोजन पोलादातच मुरतो आणि त्यातील क्रोमियमसारख्या धातूंशी संयोग पावून कठीण संयुगे बनवतो. लोणच्याच्या फोडीत मीठ मुरावे तसे. वर थर चढतच नाही, मग सुटणार काय? शिवाय बुडवून थंड करावे लागत नाही, म्हणून नळी सहसा वाकत नाही. आणि तापमान बेताचे असल्याने आतला चिवटपणा शाबूत राहतो. आज बऱ्याच रायफलींसाठी ही क्रिया वितळलेल्या क्षारांच्या कुंडात करतात. तिथे काम तासा-दोन तासांत उरकते.

तरीही सतत मारा करून नळी लाल होते अशा मशीनगनसाठी क्रोमलाच अजून पसंती आहे. तेवढ्या उष्णतेत मुरलेल्या नायट्रोजनचा कठीणपणा उतरू लागतो.